लिंबाच्या ढोलीतली अप्पांची वस्तू

माझ्या वडिलांचे दात एका रविवारी सकाळी कंबर तलावाकाठच्या लिंबाच्या ढोलीत होते, आणि ते तिथं मीच ठेवले होते.

असं एकदम सांगितलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात. म्हणून आधी माझा छंद सांगतो, म्हणजे संशय पक्का होईल. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी एक डबी कुठंतरी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर टाकतो आणि बाकीच्यांनी ती शोधायची. सापडली की आतल्या चिठ्ठीवर सही करायची. वाटलं तर आतली एखादी वस्तू घ्यायची, बदल्यात तेवढ्याच तोलामोलाची दुसरी ठेवायची आणि डबी होती तिथं परत ठेवून यायचं. बस्स!

"पण यातून मिळतं काय?" माझ्या बायकोनं, रेखानं, पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"समाधान."

"मग माझी कात्री शोधून द्या. मलापण मिळू दे थोडं."

अप्पा, म्हणजे माझे वडील, तेवढंही विचारत नाहीत. पाहुण्यानं "महेश कुठाय?" म्हटलं की पेपरातून डोकं वर न काढता सांगतात, "गेलाय डबडी हुडकायला."

अशी डबडी हुडकणारे सोलापुरात आम्ही अकरा जण आहोत, आणि एकेकाची निष्ठा बघाल तर हात जोडाल. पोस्टात काउंटरवर बसणाऱ्या कांबळे मॅडम भाचीच्या लग्नाला निघाल्या असताना मोबाइल वाजला, तर पैठणी खोचून रस्त्याकडेच्या मोरीत शिरल्या आणि डबी घेऊनच बाहेर आल्या. (लग्न लागून गेलं होतं. पण डबी पहिल्यांदा त्यांनाच सापडली, त्यामुळे दिवस वाया गेला नाही!) मोटारी रिवाइंडिंग करणारे रशीदभाई उजनीच्या पाण्यात मासेमाऱ्याच्या होडीतून गेले आणि बुडालेल्या बाभळीच्या शेंड्यावरची डबी काढून आले. रशीदभाईंना पोहता येत नाही.

अशा माणसांचं घरी कौतुक होणं शक्य नाही. घरी काय होतं ते मी सांगितलंच. म्हणून वर्षातून एकदा आम्हीच आमचा सत्कार करतो. एकाला 'निष्ठावंत शोधक' म्हणून निवडतो, आणि यंदा माझी निवड झाली होती.

आमचे चिटणीस श्रीनिवास. त्यांचं चादरी आणि टॉवेलचं दुकान आहे. ते म्हणाले, "महेशभाऊ, अध्यक्ष म्हणून तुमच्या अप्पांनाच बोलवू की. अर्ध्या सोलापूरला त्यांनी छड्या मारल्यात. लई वजन येईल."

अप्पा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेत. आयुष्यात त्यांनी माझं एकदाही कौतुक केलेलं नाही. दहावीला मी शाळेत दुसरा आलो तेव्हा त्यांनी पहिल्या आलेल्या मुलाला घरी जेवायला बोलावलं होतं. त्यामुळे ते नाहीच म्हणणार, अशी माझी खात्री होती. पण श्रीनिवास जाऊन विचारून आले आणि अप्पा चक्क 'हो' म्हणाले! आदल्या दिवशी तर मी त्यांच्या खोलीच्या दाराशी उभं राहून ऐकलं. आत ते भाषणाची तयारी करत होते. "माझा चिरंजीव महेश... याच्याविषयी मला... अं... समाधान..." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. चोपन्न वर्षांचा घोडा मी, पण वडिलांच्या तोंडून चार माणसांत एक बरा शब्द ऐकायला मिळणार म्हणून मला झोप आली नाही.

आता त्या तोंडाविषयी.

अप्पांना कवळी आहे. वरची आणि खालची, पूर्ण. ही गोष्ट अप्पा, मी, रेखा आणि दाताचे डॉक्टर सोडून जगात कुणालाही माहीत नाही आणि कळता कामा नये, असा अप्पांचा हुकूम आहे. आमच्या घरात 'दात' हा शब्द बंद आहे. कंगव्याच्या दातांनासुद्धा रेखा 'काटे' म्हणते. कवळीला आम्ही 'वस्तू' म्हणतो, तेही हळू आवाजात. वस्तूची जुनी डबी फुटली तेव्हा मी माझ्या साठ्यातली एक अप्पांना दिली होती. पांढरी, घट्ट झाकणाची, पाण्याचा थेंब आत जाणार नाही अशी. (माझा साठा मोठा आहे. अशी डबी दुकानात दिसली की मला पुढं जाववत नाही.)

आमच्याकडे अशी रीत आहे की सत्काराच्या दिवशी सकाळी सत्कारमूर्तीनं एक डबी लपवायची, बाकीच्यांनी ती शोधायची आणि मग अकराला हॉलवर कार्यक्रम. मी आदल्या संध्याकाळीच साठ्यातली तसलीच एक पांढरी डबी भरून ठेवली होती. शिट्टी, दोन गोट्या, सहीची चिठ्ठी. डबी स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवली. सकाळी रेखानं वस्तू धुतली, पुसली, तिच्या डबीत घातली आणि ती डबीही त्याच खिडकीत ठेवली.

मी घाईघाईनं आलो आणि डबी उचलली.

"अहो, ती..." रेखा म्हणाली.

"ती काय?"

अप्पा समोरच उभे होते. उपरणं तोंडाशी धरून, अंघोळीला निघालेले. त्यांनी रेखाकडे बघितलं.

"ती म्हणजे... ही नव्हे..."

"ही नव्हे म्हणजे?"

अप्पांची नजर आणखी करडी झाली. आता त्या बाईनं सासऱ्यासमोर काय बोलावं? "काही नाही," ती म्हणाली, "हेल्मेट घाला."

अप्पा न्हाणीघरात गेल्यावर सांगू, असा तिचा विचार होता. पण मी तोवर स्कूटर सुरू केली होती!

कंबर तलावाच्या काठी एक जुना लिंब आहे. त्याच्या ढोलीत डबी ठेवली, वर पालापाचोळा सारला, ग्रुपवर आकडे टाकले आणि मी शीळ घालत घरी आलो. रेखा फाटकातच उभी होती. तिचा चेहरा बघून मला वाटलं, गॅस संपला.

"वस्तू नेलीत तुम्ही!"

"कुठली वस्तू?"

"वस्तू हो! व-स्तू!"

मी धावतच घरात शिरलो. आत अप्पांची पूजा आटोपली होती. कपाळाला विभूती, अंगात इस्त्रीचा कोट, डोक्याला टोपी. त्यांनी खिडकीतली डबी उचलली, भिंतीकडे तोंड केलं आणि झाकण उघडलं. मग ते वळले. त्यांच्या हातात शिट्टी होती.

वस्तूशिवाय अप्पा कुणाशीही, अगदी माझ्याशीही, एक अक्षर बोलत नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, शिट्टीकडे बघितलं, शिट्टी ओठांत धरली आणि फुंकली! शाळेत प्रार्थनेला फुंकायचे तशी, लांबलचक. मी सावधानमध्ये उभा राहिलो.

"अप्पा, आत्ता आणतो," मी म्हणालो. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि खुर्चीवर बसले.

कार्यक्रमाला फार वेळ राहिला नव्हता, आणि सोलापुरातले दहा कसलेले लोक माझ्या बापाच्या दातांच्या मागावर सुटले होते. मी विजापूर रोडच्या कडेला स्कूटर थांबवून श्रीनिवासना फोन लावला.

"श्रीनिवास, शोध थांबवा! कुणी त्या डबीला हात लावू नका!"

"का ओ?"

काय सांगणार? "आहे काहीतरी. धोका आहे."

तिकडून मोठ्ठं हसू आलं. "मागच्या टायमाला मधमाश्या हाईत म्हणला होतात की! आम्ही तासभर लांब उभारलो, माश्या न्हाईत न काय न्हाईत. आता फसत न्हाय आमी!"

फोन बंद. मागच्या वेळी ती थाप मीच मारली होती आणि त्यावर वर्षभर हसलोही होतो.

तलावाशी पोचलो तर ही मंडळी काठाकाठानं पसरलेली. कुणी बाकाखाली, कुणी कठड्यापलीकडे. मला बघताच सगळे ताठ झाले. डबी लपवणारा माणूस कुठं बघतो यावर या लोकांचा बारीक डोळा असतो. मी लिंबाकडे न बघता लिंबापाशी जायचं ठरवलं. पाण्याकडे बघत, फिरायला आल्यासारखा चाललो. माझ्या मागून चौघं पाण्याकडे बघत, फिरायला आल्यासारखे चालले. मी थांबलो की ते थांबायचे. शेवटी लाज सोडून मी धावलो आणि ढोलीत हात घातला.

डबी होती! देव पावला म्हणत मी झाकण उघडलं. आत मोराची किल्लीसाखळी, एक छोटा पाना आणि पोस्टाच्या पावतीच्या पाठीवर लिहिलेला मजकूर: "चिठ्ठी नव्हती म्हणून ही जोडली. कल्पना अप्रतिम! वरची घेतली, साखळी ठेवली. कांबळे." त्याखाली, "नीचे का लिया, पाना रखा. रशीद."

माझे वडील आता दोन ठिकाणी होते.

कांबळे मॅडम स्टॉलवर चहा घेताना सापडल्या. वरचा अर्धा भाग रुमालात गुंडाळून पर्समध्ये.

"मॅडम, ते परत द्या."

"का बरं? बदल्यात साखळी ठेवलीय मी. जयपूरहून आणलेली आहे."

"तरीपण द्या."

"माझ्या पुतण्याला गॅदरिंगमध्ये राक्षस व्हायचंय. किती हुबेहूब केलंय हो! कुठं मिळालं?"

"घरी," माझ्या तोंडून गेलं. "म्हणजे घरीच केलं. अजून... अजून ओलं आहे."

"नियम तुम्हीच शिकवलाय आम्हाला. तेवढ्याच तोलाचं काही द्या आणि न्या."

वडिलांच्या वरच्या दातांच्या तोलाचं माझ्याकडे काय असणार! पावसातही चालणारं माझं आवडतं पेन दिलं. मॅडमनी ते चहाच्या बशीत बुडवून, पावतीवर चालवून बघितलं आणि मगच रुमाल सोडला. दात स्टॉलवरच्या पिण्याच्या पाण्यानं धुऊन मी खिशात घातले.

"रशीदभाई कुठायत?"

"हॉलवर गेले. टेबल मांडायला."

टेबल! दरवर्षी आम्ही व्यासपीठावर वर्षातल्या उत्तम वस्तूंचं प्रदर्शन मांडतो. मी हॉलवर पोचलो तेव्हा बाहेर रिक्षा उभी होती आणि अप्पा उतरत होते. मुख्याध्यापक माणूस, वेळ म्हणजे वेळ! दातांवाचून आले, पण वेळेवर आले. तोंड घट्ट मिटलेलं, मान ताठ. मागं रेखा, रडकुंडीला आलेली.

मी खुणेनं सांगायचा प्रयत्न केला, पण श्रीनिवासनी त्यांना हाताला धरून थेट व्यासपीठावर नेऊन बसवलं. समोर टेबल. टेबलावर कोरा टॉवेल. टॉवेलच्या मधोमध, दोन पितळी नाण्यांच्या बाजूला, खालचे दात! आणि अप्पा त्यांच्याकडे बघत होते.

"सर किती गंभीर बसलेत," मागून कुणीतरी म्हणालं. "शाळेत असंच बसायचे."

मी धावत जाऊन रशीदभाईंच्या कानाशी लागलो. "ते दात उचला आधी!"

"नक्को भाऊ! इस साल का एक नंबर माल है वो!"

तेवढ्यात श्रीनिवासनी माइक घेतला. "आता अध्यक्षांच्या हस्ते आमच्या निष्ठावंत शोधकाचा सत्कार! आणि नंतर सर आपल्याला मार्गदर्शन करतील!"

टाळ्या. मी व्यासपीठावर चढलो. खिशात वरचे, टेबलावर खालचे, आणि मध्ये माझे वडील, ज्यांना पुढच्या मिनिटाला बोलायचं होतं. माझ्या डबड्यांपायी आज यांची भर सभेत शोभा होणार, या विचारानं मला अप्पांच्या नजरेला नजर देववेना.

आमच्याकडे सत्काराला शाल नसते. सोलापूर आहे, चादर असते! ती पण श्रीनिवासच्या दुकानातली, डबल, जाडजूड. अप्पांनी घडी मोडली. एका झटक्यात चादर टेबलावर पसरली, आणि ती वर उचलली तेव्हा टॉवेलवर फक्त नाणी होती! मी आ वासून बघत राहिलो. मग एकदम डोक्यात उजेड पडला आणि मी वाकून त्यांचे पाय धरले. चादर आम्हा दोघांवर येऊन पडली.

आत काळोख आणि नव्या सुताचा वास. माझ्यासमोर एक उघडा तळहात आला. मी खिशातून काढून त्यावर ठेवलं. वर कुठंतरी 'टक्' असं वाजलं. मग पुन्हा 'टक्'.

"मूर्खा," अंधारात स्पष्ट शब्द आला. इतका गोड शब्द मी जन्मात ऐकला नव्हता.

बाहेर लोकांना वाटलं, बापानं लेकाला पोटाशी धरलंय. श्रीनिवास तर डोळे पुसत होते. अप्पा पेलाभर पाणी प्यायले आणि माइकसमोर उभे राहिले.

"माझा चिरंजीव महेश," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "लहानपणापासून यानं घेतलेली एकही वस्तू परत जागेवर ठेवली नाही. आज पहिल्यांदा ठेवली. वेळेत ठेवली. मला... समाधान आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मला हुंदका आला. रेखा व्यासपीठावर आली आणि माझ्या अंगावरच्या चादरीच्या टोकानं डोळे पुसायला लागली, माझे नव्हे, स्वतःचे.

आणि त्या टाळ्यांत रशीदभाई ओरडले, "अरे, मेरे दाँत किधर गए?"

झालं! दहा पट्टीचे शोधक उठले. खुर्च्या हलल्या, टॉवेल झटकले गेले, कांबळे मॅडम पडद्यामागं शिरल्या. श्रीनिवासनी दार लावून घेतलं, माल बाहेर जाऊ नये म्हणून. मी भिंतीला टेकून उभा होतो.

"बघत काय उभारलास?" अप्पा व्यासपीठावरून म्हणाले. त्यांच्या हातात अल्पोपाहाराची कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. "सत्कार कशाचा झालाय तुझा? हुडक की!"

गळ्यात हार, अंगावर डबल चादर आणि हातात बॅटरी घेऊन मी टेबलाखाली शिरलो. वर, माझ्या बरोबर डोक्यावर, कडाकडा भाकरी फुटत होती आणि तासभर एकालाही पत्ता लागला नाही. निष्ठावंत शोधक तर सगळ्यात शेवटी बाहेर आला.