जाळीच्या छतात हरवलेली कडी

बेंगळूरमधल्या आमच्या यशवंतपूरच्या घराचं छत पडलं ते थेट लेकीच्या ताटात, चित्रान्नाच्या पिवळ्या भातावर. मी असं सांगायला लागलो की बायको मध्येच तोंड घालते: छत नव्हे, तळहाताएवढा एक ढलपा पडला. असेल. पण तळहात कुणाचा, ते ती सांगत नाही. माझ्या अंदाजानं तो तालमीतल्या एखाद्या पैलवानाचा असावा.

लेकीला सहावा महिना होता. सर्जापूर रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटमधून ती आणि जावई जेवायला आले होते. बाहेरून मालगाडी गेली, खिडक्यांनी नेहमीसारखे दात वाजवले आणि वरून तो प्रसाद आला. लेकीनं चुन्याचा तुकडा उचलून ताटाच्या कडेला, मीठ वाढतात तिथं ठेवला, वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "अप्पा, बाळंतपणाला मी या छताखाली येणार नाही."

तिचं सगळं ठरलेलंच होतं. बाळंतपणानंतर मुक्काम फ्लॅटवर, बारसं त्यांच्या इमारतीच्या पार्टी हॉलमध्ये आणि पाळणा स्टँडवरचा, विजेवर हलणारा. तो म्हणे गाणीही म्हणतो. जावई पुण्याचा, समंजस. त्यानं मोबाइलवर तो पाळणा दाखवायला घेतला आणि सासूचा चेहरा पाहून मोबाइल परत खिशात ठेवला.

बायको काही बोलली नाही. तिनं ताक वाढलं. ती बोलत असते तोवर मी निर्धास्त असतो. ती गप्प झाली की मी घराबाहेर पडायला निमित्त शोधतो. त्या दिवशी निमित्त सापडायच्या आत तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "पहिलं बाळंतपण माहेरीच होईल," ती म्हणाली. "पाळणा त्या कडीलाच लागेल. छताचं तुम्ही बघा, तिला आणायचं मी बघते."

ती कडी आमच्या हॉलच्या मधोमध, वरच्या लोखंडी तुळईला अडकवलेली. वडिलांनी आधी कडी आणली आणि मग तिला टांगायला जागा हवी म्हणून घर बांधलं, असं मी सगळ्यांना सांगतो. आमचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. येताना आणलेल्या वस्तूंपैकी घरातली मराठी आणि बारशाचा टांगता पाळणा, एवढंच टिकलं. बाकी आम्ही अण्णा-अक्का म्हणत कधीच बेंगळूरचे झालो. त्या कडीला मी झुललो, माझी बहीण झुलली, लेक झुलली. आता चौथ्याची वेळ आली तर वरून ढलपे.

आणि माझ्या अब्रूचाही प्रश्न होताच. मी उभं आयुष्य बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात काढलं आणि तिथं विकत काय होतो, तर गिलाव्याखाली लावायची लोखंडी जाळी. कागदोपत्री तिला मेटल लाथ म्हणतात, बाकी सगळे जाळीच म्हणतात. पत्र्याला मशीन बारीक चिरा पाडतं आणि मग तो ओढतं. चिरा उघडतात आणि शंकरपाळ्यांच्या आकाराची भोकंच भोकं तयार होतात. चटईएवढ्या पत्र्यातून मी अंगणाएवढी जाळी निघताना पाहिली आहे. निम्मं बेंगळूर माझ्या जाळीला धरून उभं आहे. उरलेलं निम्मं का पडत नाही, मला कळत नाही. आणि अशा माणसाच्या घरात छत कसलं, तर लाकडी पट्ट्यांवर थापलेल्या गिलाव्याचं, आणि त्या पट्ट्या वाळवीनं इतक्या खाल्लेल्या की छत केवळ सवयीनं वर राहिलं होतं.

शेजाऱ्यांनी, व्याह्यांनी, जावयानं एकच सल्ला दिला: तयार पांढरे बोर्ड लावून टाका, पटकन होतं. मी म्हटलं, त्या बोर्डाला कॅलेंडर टांगलं तरी तो सुस्कारा सोडतो, आणि आमच्या शेजारून दिवसभर मालगाड्या धडधडतात. गिलावाच हवा आणि तो जाळीवरच हवा. मी एकदा ठरवलं की ठरवलं. बायकोनं आधीच ठरवलेलं असलं की माझं ठरवणं फार लवकर होतं.

मेस्त्री, म्हणजे आमच्याकडचा गवंडी, जुन्या ओळखीचा. माझ्याच जाळीवर त्यानं एकेकाळी थिएटरांची गोल छतं केली होती. थापा मारण्यात मी कुणाला हार जात नाही, पण त्याच्यासमोर मी खरं बोलायला लागतो, कारण दुसरं काही उरतच नाही. त्यानं केलेल्या एका छतावरून म्हणे हत्ती चालत गेला होता. मी विचारलं, हत्ती वर चढला कसा. तो म्हणाला, "अण्णा, जिना पण मीच केला होता."

कामाला लागलो. जुनं छत उतरवलं तेव्हा इतकी धूळ उडाली की पलीकडच्या गल्लीतल्या लोकांनी दिवे लावले. वर दगडी फरश्या आणि त्या पेलणाऱ्या लोखंडी तुळया उघड्या झाल्या. त्यांना काही झालेलं नव्हतं. मेस्त्रीनं तुळयांना सळ्या लटकवल्या, सळ्यांना आडव्या पट्ट्या बांधल्या आणि पट्ट्यांना खालून जाळी तारेनं आवळायला घेतली. मी शिडीच्या शेंड्यावर. जाळीची लांब बाजू पट्ट्यांना आडवी गेली पाहिजे, नाहीतर मध्ये पोट सुटतं. जाळीच्या एका पानाची, म्हणजे तुकड्याची, कड दुसऱ्यावर नीट चढली पाहिजे, नाहीतर तिथं पुढे तडा जातो. हे त्याला माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. तरी आम्ही प्रत्येक गाठीवर भांडलो, कारण दोघांनाही बऱ्याच दिवसांनी बरोबरीचा माणूस भेटला होता.

त्या भांडणातच ते झालं. मधलं पान वर चढवताना लोंबती कडी जाळीत अडकायला लागली. मेस्त्रीनं ती वर उचलून तुळईला तारेनं बांधून टाकली. "स्वल्प वर राहू दे, मग काढू," तो म्हणाला. मी "सरी", म्हणजे बरं, म्हणालो आणि आम्ही परत गाठींवर आलो.

पहिला थर चढला. हे काम मला बघायला फार आवडतं. थापीनं गिलावा असा रेटायचा की तो भोकांतून पलीकडे जातो, तिथं फुगतो आणि वाळला की जाळीला मागून मिठी मारून बसतो. ओला असतानाच त्यावर ओरखडे ओढायचे, म्हणजे पुढच्या थराला धरायला जागा मिळते. तो वाळला, दुसरा चढला, घोटून घोटून असा गुळगुळीत केला की मला त्यात माझं टक्कल दिसायला लागलं. आम्ही दोघं खाली उभे राहून वर बघत एकमेकांचं कौतुक करत होतो, तेवढ्यात बायको कॉफी घेऊन आली. तिनंही वर पाहिलं.

"कडी कुठाय?"

मेस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं, मी मेस्त्रीकडे. आम्ही दोघं जन्मभर न थांबता बोलत आलेली माणसं. घर इतकं शांत झालं की स्टेशनवरची घोषणा ऐकू आली. ती तीन भाषांत होती आणि एकाही भाषेत आमच्या उपयोगाची नव्हती.

कामाचे फोटो होते, ढीगभर होते. प्रत्येक फोटोत माझं डोकं होतं आणि प्रत्येक फोटोत ते नेमकं कडीच्या समोर होतं. छत ठोकून पाहिलं, तर सगळीकडे एकसारखा टणटणीत आवाज. कामच इतकं चांगलं झालं होतं. मधोमध म्हणावं तर मोजायला गेल्यावर लक्षात आलं की आजवर मी ज्याला मधोमध म्हणत होतो ती जागा चांगली दोन-चार हात ऐसपैस होती. जावयाला फोन केला, तो धावत भिंतीतलं लोखंड शोधणारं यंत्र घेऊन आला. यंत्र वर टेकवलं की ते ओरडायचं. कोपऱ्यातही ओरडायचं, दारावरही ओरडायचं. वर सगळी लोखंडी जाळीच. यंत्राच्या मते आमचं अख्खं छत म्हणजे एक कडी होती.

मेस्त्रीनं दुसरी कडी बसवायचं सुचवलं. त्यासाठीही तुळई शोधायला छत फोडावंच लागलं असतं, आणि बायको मान हलवत होती. तीन पोरं झेललेली कडी ती सोडणार नव्हती. शेवटी मेस्त्री कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "अक्का, मी एकच भोक पाडीन," तो म्हणाला. "चुकलं तर ते बुजवीन आणि जाईन. या छताची मी चाळणी करणार नाही." त्याचंही खरं होतं. ताणून बांधलेली जाळी जागोजागी कापली की ती सैल पडते, मग गिलाव्याला तडे जातात, आणि तडे म्हणजे परत ताटात ढलपे. लेक पुन्हा वर बघणार आणि या वेळी उठून जाणार ती कायमची.

बायकोनं पदर खोचला आणि ती हॉलमध्ये फेऱ्या मारायला लागली. अनवाणी, खाली बघत. आमची जमीन जुन्या लाल कोब्याची, वर्षानुवर्षं पुसून आरशासारखी झालेली. मला वाटलं, बाईचा धीर सुटला. तेवढ्यात ती एका जागी थांबली आणि अंगठ्यानं जमीन चाचपली.

"हे बघा. वरवंटा इथं पडला होता."

बारशाला आमच्यात बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा जातो. त्याला धुऊन, तेल-हळद लावून, झबलं-टोपडं घालून बायका पाळण्याच्या वरून देतात आणि खालून घेतात, गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत. लेकीच्या बारशाला तेल जरा सढळ झालं. माझ्या बहिणीनं खालून घेतलेला वरवंटा टोपड्यासकट सुळकन निसटला आणि पाळण्याच्या बरोबर खाली आपटला. मी आजवर सांगत आलो की त्या हादऱ्यानं स्टेशनातली गाडी वेळेआधी सुटली. जमिनीला मात्र वाटीच्या बुडाएवढा खळगा पडला होता आणि तो मी केव्हाच विसरलो होतो. बायको विसरली नव्हती. तिचं पुसायचं फडकं रोज तिथं अडकत होतं.

जावयाचे डोळे चमकले. पडद्याचे दांडे सरळ लावण्यासाठी घेतलेलं लेसरचं यंत्र त्याच्या गाडीत होतं. ते खळग्यावर ठेवलं तसा वर, पांढऱ्याशुभ्र छतावर एक लाल ठिपका उमटला. कपाळाच्या टिकलीसारखा, पण ते मी तेव्हा बोललो नाही. बोलायची वेळ नव्हती.

मेस्त्री शिडीवर चढला. ठिपक्याभोवती पेन्सिलीनं वर्तुळ काढलं, छिन्नीनं गिलावा उडवला, कात्रीनं जाळी हात जाईल एवढी कापली आणि आत दोन बोटं घातली. बोटं फिरत होती. बायकोनं शिडी घट्ट धरली होती. मेस्त्रीच्या चेहऱ्यावरून काही कळेना. थापाड्या माणसाचा चेहरा वाचणं किती कठीण असतं ते मला त्या दिवशी समजलं. मग त्यानं हात मनगटापर्यंत आत सारला, एका बाजूला ताणला, तार तटकन तुटल्याचा आवाज झाला आणि कडी त्या भोकातून खाली येऊन त्याच्या नाकावर आपटली.

"सापडली," तो नाक धरून म्हणाला. आयुष्यात त्यानं काहीही वाढवून न सांगितलेलं ते एकच वाक्य असावं.

कापलेल्या जाळीची टोकं आत वळवून बांधली, कडेनं गिलावा भरला, तो चांगला मुरू दिला. मग बायकोनं माळ्यावरून पाळणा काढला, साखळ्या घासल्या, तो कडीला लावला आणि वरवंटा आत ठेवून पाहिला. तेवढ्यानं तिचं समाधान होईना. ती माझ्याकडे वळली. "आता तुम्ही लोंबकळा."

पाळणा उतरवला आणि मी दोन्ही हातांनी कडी धरून पाय उचलले. मी तासभर लोंबकळलो. बायको म्हणते, तेवढ्यात दूधही उतू गेलं नाही. मालगाडीची धडधड कडीतून अंगात उतरली, कडी हलली नाही, छतातून मिठाच्या खड्याएवढंही काही पडलं नाही. मुद्दाम बघायला आलेल्या जावयानं माझा लोंबकळता फोटो लेकीला पाठवला. तिचं उत्तर आलं, ते त्यानं वाचून दाखवलं: "अप्पांना उतरवा. मी येते."

ती आली, सातव्या महिन्यात, तीन बॅगा घेऊन. आल्या आल्या झाडूचा दांडा मागून घेतला आणि ठिकठिकाणी छत ठोकून पाहिलं. पोरगी कुणाची, ते लगेच कळत होतं. तरी झोपायची ती भिंतीच्या कडेला, दाराजवळ.

बारसं झालं. वरवंट्याला या वेळी तेल नुसतं दाखवलं. बहिणीनं त्याला दोन्ही हातांनी असा धरला की नाव ठेवायच्या वेळी तिच्याकडून तो काढून घ्यावा लागला. नात पाळण्यात पडली. मेस्त्री नवा शर्ट घालून आला होता आणि पाहुण्यांना सांगत होता की हे छत करताना आम्ही वर एक हत्ती बांधून पाहिला. मी त्याला दुजोरा दिला, फक्त दोन हत्ती म्हणालो.

दुपारी पाहुणे पांगले. मी आणि बायको पंगतीतली पानं उचलत होतो. बाहेरून मालगाडी आली, भलीमोठी; खिडक्या वाजल्या, पाळण्याच्या साखळ्या किणकिणल्या. बायको आणि मी, दोघांनीही झटकन वर पाहिलं. छत जागेवर होतं. मग खाली पाहिलं. लेक भिंतीजवळून उठून केव्हा तरी मधोमध आली होती, थेट कडीखाली. सतरंजीवर, पाळण्याची दोरी मनगटाला गुंडाळून, तोंड उघडं टाकून ती गाढ झोपली होती.