तिसरं पाणी

चिपाडाचा एक धागा ते जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "गोड हाय अजून. परत धुवा."

आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. दौंडकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रस तपासण्यात त्यांची नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर एक दिवस एसटीनं न्हावऱ्याला, माझ्या सिमेंट ब्लॉकच्या शेडवर आले. एका काखेत पोतं, दुसऱ्या काखेत सिमेंटचा पातळ तक्ता. गुऱ्हाळावरच्या चिपाडाचे धागे चुन्याच्या पाण्यात उकळायचे, तीन पाण्यांनी धुवायचे, वाळवून सिमेंटमध्ये कालवायचे. मग तक्त्याला लोखंडाची जाळी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"आप्पा, गुरांना घाला ते."

"गुरांनी खाल्लं असतं तर तुमच्या दारात आलो असतो व्हय, शेट?"

मी वाळू चाळण्यापासून वर आलेला माणूस. नुसत्या शब्दावर काही घेत नाही. हातोडा उचलला आणि त्यांच्या तक्त्यावर घातला. तडा गेला, पण तुकडा पडला नाही. आतल्या धाग्यांनी दोन्ही बाजू धरून ठेवल्या होत्या. आप्पा त्या तड्याकडं नातवाला पहिला दात आल्यासारखे बघत होते.

त्या दिवसापासून ते रोज येऊ लागले. मजुरी ठरवायला बसलो तर म्हणाले, "एकदा कुणाच्या तरी घरात भिंत म्हणून उभं ऱ्हाऊ द्या. मला तेवढंच बघायचंय."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी घासाघीस करायला मजा येत नाही, कारण ती लगेच हरतात.

शिक्रापूरला कामगारांसाठी खोल्या बांधणारा एक ठेकेदार आडभिंतींसाठी आमचे तक्ते बघायला यायला तयार झाला. नेमकी तेव्हाच बोअर आटली. टँकरला दोन दिवस लागणार होते आणि तक्ते त्याआधीच साच्यात घालायला हवे होते. आप्पांनी धागा जिभेवर ठेवला.

"तिसरं पाणी पायजेच, शेट. साखर ऱ्हायली की सिमेंट धरत न्हाई."

"तिनाचं दोन करा. गिऱ्हाईक काय भिंत चाटणार हाय का?"

सगळे हसले. आप्पाही हसले. मग मान खाली घालून म्हणाले, "बरं. तुम्ही म्हणताय तर."

ठेकेदार आला. मी साचा उघडला, तक्त्याची कड धरून उचलायला गेलो आणि कड ओल्या गुळासारखी माझ्या हातात आली. दुसरा तक्ता तसाच. तिसराही. ठेकेदारानं हात झटकले आणि गाडीत बसला.

मी सगळ्यांसमोर ओरडलो, "म्हाताऱ्या, माझं नाव घालवलंस!"

दोन पाण्यांचा हट्ट माझा होता, हे तिथं उभ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. खाली पडलेला एक कण आप्पांनी जिभेवर ठेवला, टोपी नीट केली आणि एसटीच्या थांब्याकडं चालू लागले.

माझा राग अजून गेलेला नाही. भाव करणं माझा धंदा आहे. त्यांनी अडायचं होतं, माझी गचांडी धरायची होती. एवढ्या खात्रीचा माणूस एका वाक्यात का नमला?

हेच विचारायला दिवाळीनंतर दौंडला गेलो. दारात सून उभी होती. "मामा तर गेले. महिना झाला," ती म्हणाली. धाग्यांची पोती कुठं आहेत, विचारलं. "बंबात घातली. पाणी लवकर तापायचं."

कोपऱ्यात एकच पोतं उरलं होतं. ते सुनेकडून मागून आणलं.

चुना किती, उकळी किती वेळ, कुणालाच माहीत नाही. ते सगळं आप्पांच्या जिभेवर होतं. मी अंदाजानं उकळतो. तीन पाण्यांनी धुतो, कधी चार. मग धागा तोंडात धरतो आणि डोळे मिटतो.

चाळीस वर्षं तंबाखू धरलेलं तोंड. त्याला काही कळत नाही.