पाचवी पायरी

पिवळ्या ऑइलपेंटचा वास आला की मला मोहन्याचा नदीवरचा घाट आठवतो. मी तेव्हा आपत्ती कक्षात फोन घेण्याच्या कामावर होते. पावसाळ्याआधीच्या बैठकीला पाटबंधारे, रेल्वे, पोलीस, अग्निशमन सगळे जमलेले, आणि नदीची पातळी एकमेकांना कशी कळवायची यावर तासभर नुसता घोळ चाललेला. एक जण समुद्रसपाटीपासूनचे मीटर सांगे, दुसरा पुलाच्या खांबावरचे फूट. मी दोन्ही लिहून घेत होते, अर्थ एकाचाही लागत नव्हता. चहा देणारे आमचे शिपाईकाका मोहन्याचेच. ट्रे ठेवून ते हळूच म्हणाले, "साहेब, घाटाचे पाचवे पायरीला पानी आला का रस्ता बंद. सातवे पायरीला माझा घर हाय." आदल्या वर्षी ते घर बुडालं तेव्हा काका आमच्याच कक्षात ड्युटीवर होते. आकडे आमच्याकडे वेळेत आले होते. ते काकांच्या घराचे आहेत, हे कुणालाच उमगलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळी खाती उन्हात घाटावर उभी राहिली. काकांनी तापलेल्या पायऱ्यांवर खालून वर पिवळे आकडे रंगवले आणि प्रत्येकाने आपापलं माप त्या पायरीशी जुळवून घेतलं. आता काका नाहीत. मीही निवृत्त झाले, पण कक्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला कुणी काढलेलं नाही. त्यावर 'पाचवी' एवढाच मेसेज आला की मी काकूंना फोन लावते. "काकू, सामान वर घ्या." त्या म्हणतात, "कवाच घेतलाय गो. तू जेवलीस का?"