झिऱ्याला वळसा

आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात जंगल खात्याचे जमादार आमच्या तांड्यावर आले. वणवा लागला की माणसं लवकर पोचावीत म्हणून जंगलात पायवाटा बांधायच्या होत्या. बायांचीही एक टोळी घेणार, काम शिकवणार आणि जिची आखणी चांगली ठरेल तिला टोळीची मेट, म्हणजे मुकादम, करणार, असं ते म्हणाले.

तांड्यात कुणाचाच विश्वास बसला नाही. आमच्या वाडवडिलांनी बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घातलेला. तांड्याचे नायक म्हणाले, "आपल्याले वाट शिकवून राह्यले! यांले वाट नाही पायजे, आपलं पाणी पायजे."

पाणी म्हणजे झिरा. पठाराखाली खडकाच्या कपारीत आम्ही खणलेला खड्डा होता. नाला आटला तरी त्यात पाणी झिरपत राहायचं आणि त्यावरच तांड्याची जनावरं उन्हाळा काढायची. खात्याला कळलं तर तिथे चराई बंद होणार, याची सगळ्यांना खात्री होती. मलाही होती. तरी मी नाव दिलं. नवरा राजूरच्या कोळसा खाणीत जायचं म्हणत होता. मला तिकडे जायचं नव्हतं. मेटला बारमाही काम होतं, ते मिळालं तर जायचं कारणच उरत नव्हतं.

सासूने जाताना बजावलं, "जाय. पण झिरा दाखवला तं तांडा तुह्या नावानं खडे फोडीन."

जमादार वणीकडचे, वयस्क मुसलमान गृहस्थ. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. तीन काठ्यांची तिकोनी चौकट आणि मधोमध ओळंबा, एवढ्यावर ते चढ मोजायला शिकवत. वाट दरीच्या बाजूला किंचित कलती ठेवायची, म्हणजे पाणी वाटेवरून धावत नाही, लगेच बाहेर पडतं. ओहोळ आला की दगडी फरशी बसवायची. शिकवणं चोख होतं, पण मध्येच ते विचारायचे, "तुमची ढोरं कुठून उतरतात?" आम्ही एकमेकींकडे बघायचो. एक म्हणायची, "ढोरांले विचारा, चाचा." मग सगळ्या हसायच्या आणि उत्तर राहून जायचं.

त्यांनी दिलेला गूळ-फुटाण्याचा खाऊसुद्धा मी पहिल्या दिवशी न खाता पदरात बांधून घरी आणला होता. फुकट कोण कशाला देईल?

शेवटी परीक्षेचं काम मिळालं. पठारावरून नाल्यापर्यंत वाट आखायची. चौकट लावली तशी ओळ सरळ झिऱ्याकडेच जाऊ लागली. चढ हलका, जमीन मुरमाड, सावली भरपूर. मी खुंट्या उपटल्या आणि वाट डावीकडून, काळ्या मातीतून नेली.

चाचा आले, त्या मातीत टाच दाबून बघितली. "पावसात इथं म्हैस फसंल. वाट इकून काहून आणली?"

"तिकडं खडक हाय."

"खडक तं पायजेच. बाई, नाला कोरडा, अन् तुमच्या घागरी रोज भरलेल्या. मले दिसत नाही का?"

मला राग आला. ठाऊक होतं तर हा माणूस इतके दिवस विचारत का होता? तसं मी तोंडावर विचारलं.

"तुम्ही कवा सांगता, ते पाहून राह्यलो होतो."

मी म्हटलं, "मंग आता तुम्ही सांगा. आमची ढोरं बंद करसान का?"

"मी नाही करणार. रेंजर बदलले तं मले माहीत नाही. वचन कायचं देऊ?"

वचन दिलं असतं तर ते खोटं समजून मी चौकट तिथेच टाकून घरी गेले असते. पण त्या खुंट्यांकडे बघून मला एवढं कळलं, की चिखलातली वाट बांधून पाणीही लपत नव्हतं आणि माझी जागाही जात होती. मी पुन्हा चौकट लावली. वाट मुरमावरूनच आणली, पण कपारीच्या वरून वळसा घालून काढली. जनावरांची उतरण खाली होती तशीच राहिली. तहानलेला माणूस दोन दगड उतरून पाणी पिऊ शकत होता. वाटेवरून झिरा मात्र दिसत नव्हता.

चाचा खाली उतरले, ओंजळीने पाणी प्यायले आणि वर आले. मेटची जागा मला मिळाली. नवरा राजूरला गेला नाही.

नायकांनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. सरकारने मला फोडली, असं ते सांगत फिरायचे. चराई तेव्हा बंद झाली नाही. तरी नवा रेंजर आला की पहिले काही दिवस मी स्वतः झिऱ्यावर चक्कर टाकायची.

पुढे साठ सालानंतर मला मुकुटबनकडे कोलाम बायांच्या टोळीला शिकवायला पाठवलं. खाऊ दिला तर त्यांनीही तो पदरात बांधला. एके दिवशी त्यांनी चांगली मुरमाड जागा सोडून आखणी सरळ चिखलात नेली. मी उजवीकडच्या झाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढंच म्हटलं, "वरून वळवा. तिकडचं खाली राहू द्या."

त्यातली थोराड बाई कंबरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"तिकडं काही हाय, हे तुले कोणं सांगतलं?"