अप्पांची फटफटी परत करा

अन्याय झाला तो अप्पांवर. एकदा नाही, दोनदा. पहिला निजामाच्या शेवटच्या उन्हाळ्यात, बसवजयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चौकीच्या जमादाराने केला. दुसरा त्याच साली सप्टेंबरात, भारताच्या फौजा आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी भरदुपारी, आपण केला. पहिल्याबद्दल गाव अजून तावातावाने बोलतं. दुसऱ्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

अप्पा तुम्हालाही आठवत असतील. ओसरीवर उकिडवे बसलेले, कपाळावर भस्माचे पट्टे, वेळूच्या काडीचं एक टोक फटफटीच्या पोटाला टेकवलेलं, दुसरं कानाला. डाव्या हाताने मागचं चाक हळूहळू फिरवायचे. आपण काही बोलायला तोंड उघडलं की काडी मांडीत दाबून उजवा पंजा वर करायचे.

"तडी."

तडी म्हणजे कानडीत थांब. आपलं गाव मुरुमच्या बाजाराचं, निम्मं घर मराठीत भांडतं, निम्मं कानडीत समजूत काढतं. पण अप्पांची तडी दोन्ही भाषांत सारखीच चालायची. गिऱ्हाइकाला तडी, जावयाला तडी, मला तर दिवसातून दहादा तडी. मी तेव्हा निजामाविरुद्ध पत्रकं लिहीत होतो, वाटत होतो, पळत होतो. मला एका जागी बसवत नसे. अप्पांसारखा माणूस पाहिला की माझ्या तळव्यांना खाज सुटायची.

ती फटफटी मुळात त्यांची नव्हती. तलावाच्या मोजणीला आलेला एक साहेब ती घेऊन फिरायचा. एक दिवस ती अप्पांच्या आडतीसमोर बंद पडली ती पडलीच. साहेबाने लाथा मारून पाहिल्या, शिव्या देऊन पाहिल्या आणि शेवटी "ठेवा तुम्हीच" म्हणून बैलगाडीने निघून गेला. आडतीत तुरीच्या पोत्यांआड ती कित्येक वर्षं पडून होती. उंदरांनी सीटचं कातडं खाल्लं, टाकीला भोकं पडली. जर्मनीशी लढाई सुरू झाली, धान्याच्या व्यापारावर सरकारी बंधनं आली, आडत थंडावली, तेव्हा अप्पांनी एक दिवस ती घरी आणली आणि ओसरीवर उभी केली.

बायकोला, म्हणजे अक्कांना, ते म्हणाले, "हिच्यावर बसवून तुला माहेरी नेतो. दिवसाउजेडी, वेशीतून."

अक्कांचं माहेर आळंदच्या बाजूला. लग्न झाल्यापासून त्या तिकडे गेल्या त्या बैलगाडीत, गाठोड्यांच्या मध्ये, पडद्याआड. सुताराकडून बाभळीच्या लाकडाची मागची बैठक करून आणली ती अक्कांनीच. ती गादीसारखी नसावी, पाटासारखी असावी, असं त्यांनीच सुताराला सांगितलं होतं. घसरायला नको म्हणून तिला पुढून एक कड ठेवली होती.

मग सुरू झालं ते खोलणं. ओसरीवर जुनी धोतरं अंथरलेली, त्यावर नट, स्प्रिंगा, पितळी नळ्या. येणारा जाणारा विचारायचा, "काय अप्पा, पोटात काय निघालं?" टाकीची भोकं गावातल्या कल्हईवाल्या चाचाने बुजवली. चाचा आणि अप्पा दोघांनाही कमी ऐकू यायचं, त्यामुळे टाकीचं काम सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. साखळी सोलापूरहून आली, रिंगाही तिकडूनच. आणि अक्का ओसरी सारवताना रोज म्हणायच्या, "माझी माहेरची माणसं संपायची, पर ही काय बोलायची न्हाय."

"बोलंल. तडी."

एकदा बोललीही. अख्खी गल्ली गोळा झाली होती. अप्पा ओढ्यापर्यंत जाऊन आले, परत येताना दोन्ही पाय जमिनीला घासत, पण आले. मग पाहुण्यांकडे लग्न निघालं, महिनाभर गाडी उन्हाळ्यात उभी राहिली. परत येऊन पाहतात तर इंजिन जाम. चाक हलेना. खोललं तर आत पिवळट तपकिरी काहीतरी लाखेसारखं घट्ट बसलेलं. पिस्टन जणू डिंकाने चिकटवला होता.

झालं होतं ते असं. अशा जुन्या गाडीला दर काही मैलांनी हाताने पंप मारून तेल द्यावं लागतं. बाजारातल्या डब्यातल्या तेलात जनावराची चरबी असते, असं अप्पांच्या कानावर आलेलं. गळ्यात लिंग बांधलेल्या माणसाने ते हाताला कसं लावायचं? म्हणून त्यांनी घरातलं चांगलं, घाण्याचं, ताजं करडईचं तेल घातलं. आपल्याकडे भाजी करडईची, भाकरीवर चटणीत करडई, डोक्यालाही करडई. त्या गाडीला काय वेगळं लागणार? तेल उन्हाने आटलं आणि आतल्या आत वाळून बसलं.

दोन दिवसांनी अक्का चुलीजवळून म्हणाल्या, "बैलगाडीच्या आसाला काय घालता?"

"एरंडेल."

"मग हिचा आस काय सोन्याचा हाय?"

अप्पांनी रॉकेलमध्ये एक एक भाग भिजवला. लोखंडाला ओरखडा नको म्हणून वेळूच्या चिपट्यांनी ते वाळलेलं तेल खरवडलं. पावसाळा गेला, दसरा गेला. मी येऊन ओसरीवर येरझाऱ्या घालायचो आणि ते खरवडत बसायचे. मग एरंडेल घातलं आणि गाडी जी बोलायला लागली ती बोलतच राहिली. फक्त तिच्या धुराला एरंडेलाचा वास यायचा. ज्यांनी ज्यांनी लहानपणी नाक दाबून एरंडेल प्यायलंय ते सगळे तोंड वाकडं करून बाजूला व्हायचे. तुम्हीही झाला असाल.

मी त्या धुरात दुसरंच काही पाहत होतो. आमची पत्रकं निजामाच्या सरहद्दीपलीकडून छापून यायची, पायी यायची, शिळी होऊन यायची. एक फटफटी असती तर?

"अप्पा, गाडी चळवळीला द्या."

"तडी, पुढारी." मला ते पुढारी म्हणायचे, आणि त्यात मान नसायचा. "आजून चेन खात्री देत न्हाय. अध्ये मध्ये तुटली तर तू पत्रकासकट घावशील."

"देश थांबत नाही, अप्पा."

"न्हाय थांबत. पर आधी ही माहेरी जाईल. मग तुझा देश."

मी तेव्हा चिडून उठलो. आज विचाराल तर आजही चिडेन. पण हेही सांगतो, त्या दिवसांत ज्याने त्याने आपली वस्तू एकतर भीतीने लपवली होती नाहीतर भीतीने देऊन टाकली होती. अप्पांनी यातलं काहीच केलं नाही. गाडी ओसरीवर उघडी उभी होती. बसवजयंती झाली की निघायचं ठरलं होतं. अक्कांनी नवं लुगडं काढून ठेवलं होतं.

बसवजयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार आला, चार जवान घेऊन. अप्पा आत पूजेला बसलेले. लिंगपूजा तुम्हाला ठाऊक आहे, डाव्या तळहातावर लिंग, त्यावर नजर. पूजा पुरी होईतो उठायचं नाही, बोलायचं नाही. जमादारालाही ते ठाऊक होतं, म्हणूनच तो त्या वेळेला आला. अक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"पूजा हुऊ द्या. मग काय ते त्यांस्नी बोला."

"बोलना किसकू है?" जमादार म्हणाला. जवानांनी गाडी ढकलत पायऱ्यांवरून उतरवली. पायरीगणिक ती ठाण ठाण आपटली. मी समोरच्या बोळात होतो, मला नुसतं पाहत राहावं लागलं, कारण माझ्या सदऱ्यात पत्रकं होती. आत अप्पांना सगळं ऐकू येत होतं. इतर वेळी हाक मारली तर ऐकू न येणाऱ्या माणसाला त्या गाडीचा एक एक नट ऐकू यायचा.

ते गेल्यावर मी आत शिरलो. "अप्पा, का उठला नाहीत तुम्ही?"

त्यांनी लिंग कपाळाला लावलं, वस्त्रात गुंडाळलं, गळ्यात बांधलं. मग म्हणाले, "हातात देव हुता रं."

चौकीवर गाडी चालू होईना, त्यांना वाटलं तेल संपलं. अप्पांना बोलावणं आलं.

"बुड्ढे, तेल कौनसा डालना?"

"एरंडेल."

चौकीभर हशा पिकला. जमादार मात्र हसला नाही. "हमकू जुलाब देता क्या?" म्हणाला आणि अप्पांच्या कानाखाली मारली. मग जवानांनी समोरच्या खानावळीतून करडईचं तेल आणून ओतलं आणि लाथा मारमारून गाडी सुरू केली. दोन दिवस जमादार गावातून मिरवला. मग पेट्रोल संपलं, भारताने घातलेल्या नाकेबंदीत दुसरं मिळेना, गाडी चौकीच्या अंगणात उन्हात उभी राहिली. पुढचं तुम्हाला कळलंच.

गाडी जाम झाली त्या आठवड्यात मी पत्रक काढलं. वृद्ध देशभक्ताने जमादाराला कसं बनवलं, जुलमी सत्तेचं वाहन कसं निकामी केलं. फार जोरदार पत्रक होतं ते, आजही मला तसंच वाटतं. अप्पांनी ते चाळशी लावून वाचलं आणि घडी घालून माझ्या हातात परत दिलं.

"म्या त्याला खरं सांगितलं हुतं. तू माझ्या नावावर लबाडी घातलीस."

"अप्पा, त्याने तुम्हाला मारलं."

"मारलं. पर गाडीनं काय केलं हुतं? तिला करडई पाजली रं त्यांनी." आणि एवढं बोलून त्यांचे डोळे भरून आले. चापटीने आले नव्हते.

आता दुसरा अन्याय. हा माझ्या नावावर आहे तसा तुमच्याही.

फौजा आल्या, चौकी ओस पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी आपण घोषणा देत चौकीत घुसलो. अंगणात गाडी उभी होती. ती कोणाची आहे हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. तरी कोणीतरी ओरडलं, "जमादाराची फटफटी", आणि आपण ती वाटून घेतली. हॉर्न, दिवा, चाकं, सीट. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने विजयाची खूण म्हणून घरी नेलं. अप्पा काठी टेकत पोचले तेव्हा नुसता सांगाडा आणि जाम झालेलं इंजिन उरलं होतं.

त्यांनी कनवटीची वेळूची काडी काढली, सांगाड्याला टेकवली आणि कानाला लावली. आपण मागे घोषणा देत होतो. त्यांनी पंजा वर केला.

"तडी."

आपण थांबलो नाही.

सांगाडा बैलगाडीत घालून ओसरीवर आणला. आठवड्याने चाचा आला, पदराखाली लपवावी तशी शालीखाली टाकी घेऊन. कोणीतरी ती त्याच्याकडे मोडीत टाकली होती. त्या दिवसांत चाचासारख्या मुसलमानाला घराबाहेर पडायची सोय नव्हती, आणि ती का नव्हती हेही आपल्याला माहीत आहे. तरी तो आला. गावातून परत आलेली ती पहिली वस्तू.

मी म्हटलं, "अप्पा, दारोदार जातो. एक एक वस्तू काढून आणतो."

"नगं. जिंकल्यागत नेलंय त्यांनी. मागाय गेलास तर चोर म्हटल्यागत हुईल. आणतील आपुनहून. तडी."

थंडी सरेपर्यंत ते इंजिन खरवडत राहिले. रॉकेल, वेळूच्या चिपट्या, तेच सगळं पुन्हा. पिस्टन सुटला त्या दिवशी अक्कांना हाक मारून दाखवला. त्यानंतर त्यांना ताप आला आणि ते उठले नाहीत. गावातून तोवर दुसरं काही परत आलेलं नव्हतं.

आज ओसरीवर सांगाडा आहे, इंजिन आहे, टाकी आहे. अक्का दर सोमवारी ते पुसतात. कार्बुरेटर आमच्याच चळवळीच्या कचेरीत पत्रकांवर वजन म्हणून ठेवलेला होता. तो मी उचलून नेऊन दिला, कचेरीला विचारलं नाही. हॉर्न तालमीत आहे, सकाळी पोरं वाजवतात. दिवा वरातीत फिरतो. पुढचं चाक एका मळ्यात मोटेच्या दोरासाठी लावलंय, ते मी डोळ्यांनी पाहिलं. बाभळीची मागची बैठक कोणाच्या तरी न्हाणीत पाट म्हणून पडली असणार. पुढून कड असलेला पाट, तुम्हाला लगेच ओळखू येईल.

अप्पा म्हणाले असते, तडी. मी म्हणत नाही. उद्या आणा. नेली होती तशीच, दिवसाउजेडी, वेशीतून आणा. कोणी विचारणार नाही, मी ओसरीवर असेन पण तोंड उघडणार नाही. आणि ज्याच्या न्हाणीत तो पाट आहे, त्याने सगळ्यांच्या आधी यावं. जोडायला मी बसेन, पण अक्कांना बसायला जागा तुम्ही परत करा.