डोळे मिटलेला फोटो

"असू दे की. जेवायला मागतंय का ते?"

स्टुडिओतली कुठलीही वस्तू टाकायची वेळ आली, की अक्का आधी त्या वस्तूवर हात ठेवायच्या आणि मग हे म्हणायच्या. एक पाय मोडलेला स्टँड, रंग उडालेला बागेचा पडदा, तुटक्या छत्र्या, सगळ्यांना अभय. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आमच्या अक्कांनी हाच नियम कॉम्प्युटरलाही लावला होता, एवढाच काय तो फरक.

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांचा छोटासा फोटो स्टुडिओ. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि बिघडलेल्या कॅमेऱ्याशी दोन्ही. नवरा गेल्यावर त्यांनी स्वतःच कॅमेरा गळ्यात अडकवला आणि लग्नं, बारशी करायला लागल्या. मी तिथे कॉम्प्युटरवर बसायचो. बी.कॉम. आणि एक फुटकळ कोर्स, एवढ्या भांडवलावर मी स्वतःला तज्ज्ञ समजत होतो. अक्का मला 'साहेब' म्हणायच्या. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे कळायला मला वेळ लागला.

अक्कांना कॉम्प्युटरवर एकच गोष्ट यायची. कॉपी करायचं आणि दुसरीकडे चिकटवायचं. ते त्या हौसेनं करायच्या. एकेका बारशाचे फोटो चार-चार जागी! शेवटी मशीननं हात टेकले. चालू केलं की पहिली पाटी तीच, जागा संपली.

मग मी शहाणपणा पाजळला. फोटो सांभाळायचं जे सॉफ्टवेअर होतं, त्यात एक बारीक चौकट होती. आत घेतलेल्या फोटोची कॉपी लायब्ररीत ठेवायची का, असं ती विचारायची. मी तिथली खूण काढून टाकली.

"अक्का, आता फोटो बाहेरच्या डिस्कवरच राहणार. लायब्ररी फक्त त्याचा पत्ता लक्षात ठेवणार आणि बघायला एक छोटं चित्र. जागाच खात नाही!"

"साहेब म्हंतोय म्हंजे बराबरच असंल," अक्का म्हणाल्या आणि चहा सांगायला गेल्या.

फोटोंची छाटणीही माझ्याकडेच. डोळे मिटलेले, हललेले, घास तोंडात असलेले फोटो मी उडवायचो. पण बोट बटणाकडे गेलं रे गेलं, की मागून आवाज यायचा. "थांब रा! डोळं मिटलं म्हनून मानूस वाया गेलं का?" असले फोटो त्या उचलून कॉम्प्युटरवरच एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायच्या. वैतागून मी त्या फोल्डरला 'असू दे' असं नाव देऊन टाकलं. अक्कांना ते फार आवडलं.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. मुलगी केम गावची. फोटो अक्कांनी काढले, दुसऱ्या कुणाला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. छाटणी अर्थातच मी केली. स्वतःच्याच लग्नाची, म्हणजे किती कडक केली असेल बघा. चांगले फोटो डिस्कवर, भंगार अक्कांच्या फोल्डरात. अल्बम तेवढा राहिला. आधी गिऱ्हाइकांचे, मग आपला, असं करत दसरा तोंडावर आला. बायको रोज विचारायची, "आवो, आपला अल्बम ह्या जन्मात व्हनार हाय का?"

खंडेनवमीला अक्कांचा एक दंडक होता. पूजेला मांडायचं हत्यार रिकामं पाहिजे. रोलच्या जमान्यातला नियम. रोल काढायचा, कॅमेरा पुसायचा, मग हळदकुंकू आणि झेंडू. रोल गेले, तरी त्या कार्डं रिकामी करून घ्यायच्या. त्या वर्षी माझ्या अंगात नको इतकी भक्ती संचारली. कार्डं तर पुसलीच, शिवाय बाहेरची डिस्कही साफ केली. का नाही करणार? लायब्ररी उघडली तर सगळे फोटो समोर दिसत होते! डिस्कवर झेंडू ठेवला, नमस्कार केला, आणि दुसऱ्या दिवशी मंडळाच्या मिरवणुकीचं शूटिंग त्याच डिस्कवर ठासून भरलं.

दिवाळीच्या आधी अल्बम करायला बसलो. एका फोटोवर क्लिक केलं. मूळ फाईल सापडत नाही. दुसऱ्यावर केलं. सापडत नाही. लायब्ररीकडे पत्ते सगळे होते, त्या पत्त्यावर घर मात्र मीच पाडलं होतं. उरली होती ती तिकिटाएवढी चित्रं. पुसलेलं परत आणणाऱ्या एका माणसाकडे डिस्क नेली. त्यानं मिरवणुकीतले ढोल तेवढे दाखवले. गिऱ्हाइकांचे अल्बम छापून गेले होते म्हणून वाचलो. बुडालं ते माझं स्वतःचं लग्न.

बायकोनं ती चित्रं डोळ्याजवळ नेऊन बघितली. "ह्यात मला माजी साडीबी वळखू येईना." मग हळू आवाजात वडिलांचं विचारलं, "अन्नांचा माज्यासंगं एक तरी फोटो ऱ्हायलाय का?" मला रडू आलं. खरंच आलं.

दुसऱ्या दिवशी अक्कांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्ये भंगार हाय की तुजं!"

'असू दे' उघडलं. मी नापास केलेलं सगळं वऱ्हाड तिथे जिवंत होतं. मामा जिलबीसकट, भटजी जांभईसकट. आणि एका हललेल्या फोटोत अण्णा, म्हणजे माझे सासरे. उपरण्यानं डोळे पुसत, दुसरा हात लेकीच्या डोक्यावर. 'धूसर' म्हणून मीच काढून टाकलेला. बायको त्या फोटोपुढे कितीतरी वेळ बसून राहिली. आमचा अल्बम असा झाला. एकाही पानावर सगळ्यांचे डोळे उघडे नाहीत. पाहुणे आले की तोच आधी मागतात.

त्यातच एक फोटो अक्कांचा निघाला. माझ्या मुंडावळ्या सरळ करायला त्या पुढे आल्या, "धर जरा" म्हणत कॅमेरा माझ्या हातात दिला, आणि माझं बोट नको तिथे पडलं. दोन्ही हात माझ्या कपाळाकडे, तोंड उघडं, डोळे गच्च मिटलेले. सबंध स्टुडिओत त्यांचा दुसरा फोटो नाही.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला. अक्का लेकीकडे हैदराबादला गेल्या, किल्ली मला देऊन. मी तो फोटो मोठा करून गल्ल्यामागे लावला. आठवडाभरात एका भल्या गिऱ्हाइकानं त्याला हार आणला! हे कळल्यावर अक्कांचा फोन. "अय्यो, मी जित्ती हाय रा! त्यो हार उतरवलास न्हवं?"

यंदा खंडेनवमीला पूजा मांडली आणि त्यांना व्हिडिओ कॉल लावला. अक्का किती बारीक झाल्यात! कॅमेरा दिसताच त्यांनी तिकडून हात जोडले. मी पटकन स्क्रीनचा फोटो घेतला.

"काढलास व्हय? माजं डोळं मिटलं हुतं की!"

"असू द्या की, अक्का," मी म्हणालो.

तो फोटो आत घेताना चौकटीत खूण आहे ना, हे दोनदा तपासलं. मग कॉपी केला आणि आणखी चार ठिकाणी चिकटवला. कालपासून मशीन जागा संपली म्हणून ओरडतंय. ओरडू दे.