आत पेटवलेली शेगडी

राज्यांची नव्याने रचना झाली तेव्हा ह्यांचं ऑफिस नागपूरहून भोपाळला आलं आणि आम्हीही त्यामागे आलो. शिवाजी नगरात दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर मिळालं. नागपूरला मी मागच्या अंगणात, उघड्यावर स्वयंपाक करत असे. इथलं स्वयंपाकघर चिंचोळं, वर छताजवळ वीतभर झरोका, आणि खाली दगडी कोळशाची शेगडी.

शेजारच्या बायका शेगडी बाहेर पेटवत आणि धूर संपून निखारे लाल झाले की आत नेत. आमच्याकडे ते चालत नव्हतं. सासूबाईंचं सोवळं कडक. बाहेर कोणीही येणार-जाणार, शेगडीला कोणाचाही हात लागणार, म्हणून ती आतच पेटवायची, दार लावून. पहिल्याच हिवाळ्यात माझ्या छातीत घरघर सुरू झाली. शेगडी पेटली की अर्ध्या तासात धाप लागे. भिंतीला धरून, खांदे वर उचलून मी श्वास ओढत बसे.

हे मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी मला हिंदीत विचारलं, त्रास कधी होतो? परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. मी शब्द जुळवत होते तोवर ह्यांनी सांगून टाकलं, "दही बहुत खाती है." डॉक्टर म्हणाले, मग बंद करा. दमा आहे म्हणाले आणि गोळ्या दिल्या. गोळीने छाती मोकळी होई, पण हात इतके थरथरत की पोळी लाटता येत नसे.

दही, ताक, केळी, पेरू सगळं बंद झालं. धाप चालूच राहिली. एकदा धीर करून ह्यांना म्हटलं, मला धुराने होतं, शेगडी बाहेर पेटवू द्या.

"आईला आता या वयात मी सोवळं शिकवू?" हे म्हणाले.

सासूबाईंनी ते ऐकलं होतं. "आमचा जन्म चुलीपुढे गेला. आम्हाला नाही कधी धाप लागली. बरोबर आहे, आम्हाला दही चोरून खायची सवय नव्हती."

पुढे सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला धूर लागता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच सांगितलं, शेगडी बाहेर पेटव. सोवळ्याचं कोणी नाव काढलं नाही. पट्टी होती तोवर मला एकदाही धाप लागली नाही. भेटायला आलेल्या बायकांना सासूबाई सांगत, "दही सोडलं आणि सूनबाई बरी झाली बघा." मी चहा देत होते.

डोळा बरा झाला, पट्टी निघाली, चष्मा आला. शेगडी पुन्हा आत. चार दिवसांत मी भिंत धरली.

हे ऑफिसातून आले ते दारातच थांबले. "आज काय खाल्लंस? खरं सांग."

बोलायला श्वास पुरत नव्हता. मी शेगडीकडे बोट केलं. ह्यांनी वाकून तिच्यावरच्या पातेल्याचं झाकण उघडून पाहिलं.